लाकडी प्रोपेलर थरथरतोय? पात्याला पॉलिश पेपर लावण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. थ्रॉटल पुढे नेला की एका ठरावीक आरपीएमपासून (मिनिटाला होणारे फेरे) पॅनेलवरचे काटे पुसट दिसू लागतात आणि स्टिक धरलेल्या तळहाताला मुंग्या येतात. आरपीएम वाढेल तशी थरथर वाढत जाते. बाहेर उभं राहून पाहणाऱ्याला स्पिनरचं, म्हणजे प्रोपेलरच्या मधोमध बसवलेल्या टोपीचं, टोक स्थिर न राहता बारीक वर्तुळ काढताना दिसतं. उड्डाणानंतर हबच्या, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या जाड भागाच्या, पुढच्या प्लेटच्या कडेला तपकिरी किंवा काळपट भुकटी सापडते. कधी थरथर अजिबात नसते, पण गेल्या उन्हाळ्यात जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला २,४०० दाखवणारा काटा आता २,३०० वर अडतो. किंवा उलट होतं: काटा पूर्वीपेक्षा वर जातो आणि तरीही विमान धावपट्टी सोडायला जास्त वेळ घेतं.

यातलं बहुतेक सगळं हिवाळा संपल्यावरच्या पहिल्या दोन-तीन उड्डाणांत दिसतं. मी ओहायोत राहतो. आमच्या छोट्या विमानतळावर घरी बांधलेली बरीच विमानं आहेत: फोक्सवॅगन इंजिनाची केआर-२, काँटिनेंटल ओ-२०० लावलेली व्हॅरीईझी, एक पीटेनपोल. दर एप्रिलमध्ये कुणीतरी हँगरच्या दारात येऊन सांगतं, ‘प्रोपेलर बिघडलाय, जरा पिच कमी करून देशील का?’ पिच म्हणजे पात्याच्या तिरकेपणामुळे प्रोपेलर एका फेऱ्यात जितकं पुढे सरकेल ते अंतर. गेली कित्येक वर्षं मी हे एकच दुखणं दुरुस्त करतो आहे. अगदी मोजक्या वेळा दोष खरोखर पात्याच्या आकारात निघाला. बाकी वेळा तो बोल्टांत, ओलाव्यात, टॅकोमीटरमध्ये (आरपीएम दाखवणाऱ्या मापकात) नाहीतर इंजिनात होता. पण तोवर एखाद्याने पात्याच्या पाठीवर पॉलिश पेपर फिरवलेला असतो. काढलेलं लाकूड परत येत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा. तो बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू होतो आणि पात्याला हात लावायची वेळ सर्वांत शेवटी येते.

प्रोपेलरजवळ जाण्याआधी इंजिन जिवंत आहे असं समजा. मॅग्नेटोचा, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या यंत्राचा, स्विच बंद असला तरी मॅग्नेटोला अर्थ करणारी तार तुटलेली असेल, तर हाताने फिरवलेल्या पात्यानेही इंजिन उडी मारून सुरू होऊ शकतं. प्रत्येक सिलिंडरचा निदान एक स्पार्क प्लग काढा, चाकांना अटकाव लावा, शेपूट बांधा. इंजिन चालवून पाहताना प्रोपेलरच्या फिरण्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. हे दर वेळी करायचं, पाच मिनिटांचं काम असलं तरी.

नुसतं बघा आणि हात फिरवा

ओल्या फडक्याने दोन्ही पाती पुसा. चिलटं आणि चिखल एकाच पात्यावर जास्त साचला असेल तर तेवढ्यानेही फरक पडतो. पुढच्या कडेला संरक्षणासाठी पारदर्शक टेप लावली असेल तर ती टोकाकडे उचकटली आहे का, एकाच पात्यावरची फाटून गेली आहे का ते पाहा. मागच्या वसंतात एका केआर-२ ची सगळी थरथर बोटभर फाटलेल्या टेपमुळे होती. पात्याच्या टोकाला धातूची पट्टी असेल तर तिला टोकाशी बारीक भोकं असतात. आत शिरलेलं पाणी फिरताना त्यातून बाहेर फेकलं जावं म्हणून ती ठेवलेली असतात. रंगकाम करताना ती हटकून बुजवली जातात. एका पात्याची भोकं उघडी आणि दुसऱ्याची बुजलेली असतील तर पाणी एकाच टोकाला अडून बसतं.

मग नखाने वार्निशवरच्या रेषा तपासा. नख न अडकता सरकलं तर ती बहुधा वार्निशचीच भेग असते. नख अडकलं तर रेषा लाकडात गेली आहे. टोकापासून हबपर्यंत नाण्याने हलकं ठोकत जा. चांगल्या चिकटलेल्या लाकडाचा आवाज टणक येतो आणि थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. थर सुटलेला सापडला तर पुढचं काही वाचू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

स्पिनर काढा आणि त्याशिवाय जमिनीवर इंजिन चालवून पाहा. स्पिनरला स्क्रूच्या भोकांपासून भेगा पडतात आणि वाकडा बसलेला स्पिनर अगदी बिघडलेल्या प्रोपेलरसारखाच वागतो.

विमान उभं कसं असतं?

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. इंजिन बंद झाल्यावर प्रोपेलर ज्या स्थितीत थांबला तसाच उभा ठेवून हँगरचं दार लावलं, की चार महिन्यांत लाकडातला ओलावा खालच्या पात्याकडे उतरतो. खालचं पातं जड होतं. फरक फार तर दोन-चार ग्रॅमांचा असेल, पण हिशेब करून बघा. ६० इंच व्यासाच्या प्रोपेलरचं टोक केंद्रापासून ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटरवर असतं. ३,००० आरपीएमला त्या टोकावरचा १ ग्रॅम जवळजवळ साडेसात किलोच्या ओढीने बाहेर खेचतो. तीन ग्रॅम म्हटले की बावीस-तेवीस किलो, आणि ती ओढ सेकंदाला ५० वेळा दिशा फिरवते. पॅनेल थरथरणार नाही तर काय होईल?

उपाय फुकट आहे. प्रोपेलर आडवा ठेवा आणि आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या. जमलं तर मध्ये एकदा अर्धा फेरा फिरवून ठेवा. थरथर निम्मी झाली तर दोष सापडला. यापुढे दर वेळी पाती जमिनीला समांतर ठेवूनच हँगर बंद करायचा.

टॅकोमीटरवर लगेच विश्वास ठेवू नका

तक्रार आरपीएमची असेल तर आधी काटा तपासा. जुन्या केबलवर चालणारे टॅकोमीटर वय झालं की शंभर-शंभर आरपीएमने चुकतात. विमानांचे मॉडेल उडवणाऱ्यांकडे असतो तसा प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर थोड्या पैशांत मिळतो. तो आधी हँगरमधल्या ट्यूबलाइटकडे धरा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची असल्याने ट्यूब सेकंदाला १२० वेळा लुकलुकते, म्हणजे दोन पात्यांच्या सेटिंगवर आकडा ३,६०० यायला हवा. भारतात ५० हर्ट्‌झला तो ३,००० येईल. हा पडताळा झाला की मोकळ्या आकाशाखाली खऱ्या प्रोपेलरवर मोजा. वारा शांत हवा, इंजिन पूर्ण तापलेलं हवं, आणि त्या वेळचं तापमान वहीत लिहून ठेवा. जुलैतला आकडा आणि जानेवारीतला आकडा यांची थेट तुलना होत नाही.

ही तपासणी मी वगळली होती, म्हणून ती इतकी वर घेतली आहे. माझ्या केआर-२ चं इंजिन आरपीएम पकडत नाही असं वाटून मी प्रोपेलरची दोन्ही टोकं एकेक इंचाने कापली. जमिनीवरचा आकडा वाढला. विमान मात्र चढायला मंद झालं. दोन महिन्यांनी कळलं की काटा ११० ने कमी दाखवत होता आणि मूळचा प्रोपेलर अगदी बरोबर होता. तो अजून भिंतीवर टांगलेला आहे.

बोल्ट: खरं दुखणं बहुधा इथेच असतं

टॉर्क रेंच (बोल्ट किती पिळाने आवळला ते मोजणारा पाना) हातात घेण्याआधी लाकडी प्रोपेलर इंजिनाला धरून कसा राहतो ते समजून घ्या. पुष्कळांना वाटतं की बोल्ट त्याला फिरवतात. खरं तर इंजिनाची फ्लँज (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या टोकाची सपाट चकती) आणि हबचं लाकूड यांच्यातलं घर्षण त्याला फिरवतं, आणि ते घर्षण टिकवण्यासाठी बोल्ट फक्त दाब देतात. दाब कमी झाला की प्रत्येक स्फोटाच्या धक्क्यासरशी लाकूड फ्लँजवर केसभर मागेपुढे घासतं. घासलं की तापतं, तापलं की सुकतं, सुकलं की आणखी आकसतं आणि दाब आणखी उतरतो. क्रश प्लेटच्या, म्हणजे हबच्या पुढच्या प्लेटच्या, कडेची ती काळपट भुकटी म्हणजे जळू लागलेलं लाकूड. हे असंच चालू राहिलं तर बोल्टांवर आडवा भार येतो, त्यासाठी ते बनवलेलेच नसतात, आणि शेवटी ते तुटतात. असे प्रोपेलर हवेत विमान सोडून गेलेले आहेत.

दाब कमी का होतो? लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्यासोबत फुगतं, आकसतं. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळपास बदलत नाही. आडव्या दिशेने चांगलंच बदलतं. आणि हबची जाडी ही नेमकी आडवी दिशा. माझं बालपण चिपळुणात गेलं. आषाढात आमच्या माजघराचं दार चौकटीत इतकं घट्ट बसायचं की खांदा लावून उघडावं लागे, आणि मार्चमध्ये त्याच दाराच्या फटीतून ओटीवरचा उजेड दिसायचा. हबमध्ये हेच घडतं. ओहायोत उन्हाळ्यात हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडातला ओलावा १२-१३ टक्क्यांवर जाऊन थांबतो. हिवाळ्यात हँगर तापवला आणि आतली आर्द्रता २५ टक्क्यांवर आली की तो पाच-साडेपाच टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. मेपलचा १०० मिलिमीटर जाड हब चार टक्के ओलावा गमावताना अर्ध्यापासून एक मिलिमीटरपर्यंत बारीक होऊ शकतो. घट्ट केलेला बोल्ट मुळात ताणलेला असतो तो मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. तेव्हा सप्टेंबरात बरोबर असलेला टॉर्क फेब्रुवारीत शून्यावर आला तर त्यात नवल नाही.

उलटा धोकाही आहे, आणि तो कमी लोकांना ठाऊक असतो. कोरड्या ऋतूत घट्ट केलेला हब दमट ऋतूत फुगतो, पण बोल्ट जागा देत नाहीत. लाकडाचे तंतू प्लेटखाली चिरडले जातात. पुढच्या हिवाळ्यात तोच हब आधीपेक्षा जास्त सैल होतो. म्हणून वर्षातून एकदा घट्ट करून विसरून जाणं पुरत नाही. माझं वेळापत्रक असं आहे: बसवल्यावर पहिल्या उड्डाणानंतर, मग १० तासांनी, २५ तासांनी, पुढे दर ५० तासांनी, आणि याशिवाय प्रत्येक ऋतुबदलाला. महाराष्ट्रात लाकडी प्रोपेलरचं काही उडवत असाल तर ऋतू वेगळे धरा. एप्रिल-मेमध्ये पुण्याकडची कोरडी हवा बोल्ट सैल करील, आणि जुलैतला पाऊस लाकूड चिरडील.

आता प्रत्यक्ष काम. सेफ्टी वायर (बोल्ट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून त्यांना बांधलेली तार) कापून काढा. टॉर्कचा आकडा प्रोपेलर बनवणाऱ्याच्या कागदावरचाच घ्या. धातूच्या प्रोपेलरचा आकडा याहून बराच जास्त असतो, तो लाकडाला लावला तर हब चिरडलाच म्हणून समजा. शेजाऱ्याच्या विमानाचा आकडाही घेऊ नका, कारण बोल्टचा व्यास आणि लाकडाची जात बदलली की आकडा बदलतो. आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. तेल लावलेल्या आट्यांवर तोच टॉर्क खूप जास्त दाब देतो. स्वतःला धरून ठेवणारे नट असतील तर नट मोकळा फिरवायला लागणारा टॉर्क आधी मोजा आणि कागदावरच्या आकड्यात मिळवा. मग समोरासमोरच्या जोड्या घेत, एकेका वेळी थोडंथोडं घट्ट करा, चाकाचे नट घट्ट करतो तसं. एका बाजूने भरभर आवळत गेलात तर हब तिरका बसतो आणि पुढच्या तपासणीत तो दोष पात्याच्या माथी मारला जातो.

प्रत्येक नट किती फिरला ते लिहा. आठव्या हिश्शाचा फेरा नेहमीचा आहे. अर्धा फेरा किंवा त्याहून जास्त फिरला तर प्रोपेलर उतरवून हबची मागची बाजू पाहणं भाग आहे. फ्लँजची गोल छाप स्वच्छ लाकडी रंगाची हवी. तिथे काळी कडी, चकाकणारा गुळगुळीत पट्टा किंवा लांबट झालेली बोल्टची भोकं दिसली तर तो प्रोपेलर परत बसवू नका.

बोल्टच्या डोक्याखाली बशीच्या आकाराच्या स्प्रिंग वॉशरांची चळत बसवता येते. लाकूड आकसलं तरी ती दाब बराचसा टिकवते. इंजिन आणि प्रोपेलर दोन्हींच्या कागदांत बसत असेल तर ही सुधारणा मी मनापासून सुचवतो. घरच्या घरी लाकडी प्रोपेलरमध्ये करायच्या सगळ्या बदलांत मला हीच सर्वांत उपयोगाची वाटते, आणि ती पात्याला स्पर्शही करत नाही.

दोन्ही पाती एकाच वाटेने जातात का?

यासाठी एक खोका, एक पेन्सिल आणि एक मदतनीस पुरेसा आहे. खोका पात्याच्या टोकाजवळ पक्का ठेवा, टोक जिथून जातं तिथे रेघ मारा, प्रोपेलर अर्धा फेरा फिरवा, दुसरं टोक कुठून जातं ते पाहा. लाकडी प्रोपेलरला १/८ इंचापर्यंत, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरपर्यंत, फरक चालतो. मला १/१६ च्या आत असेल तरच समाधान वाटतं. फरक जास्त आला तर मागे पडणाऱ्या आणि पुढे येणाऱ्या बाजूचे बोल्ट दिलेल्या मर्यादेच्या आतच थोडे कमी-जास्त करून पाहा. मर्यादा ओलांडून फरक मिटवू नका. काही जण हबखाली कागदाची पट्टी सरकवतात. प्रोपेलर बनवणाऱ्याने तसं लिहून दिलं असेल तरच ते करा.

एवढ्याने जमलं नाही तर प्रोपेलर उतरवून फ्लँजवर १८० अंश फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. जे पातं पुढे होतं तेच अजून पुढे असेल तर हब किंवा पातं वाकडं आहे. आता दुसरं पातं पुढे आलं असेल तर फ्लँज वाकडी आहे, म्हणजे प्रश्न क्रँकशाफ्टचा, इंजिनाच्या फिरत्या दांड्याचा, आहे. थरथरही अशीच ताडता येते: फिरवून बसवल्यावर तिचं रूप बदललं तर प्रोपेलरचा वाटा आहे, अगदी तीच राहिली तर इंजिनाकडे वळा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. प्रोपेलरच्या असंतुलनाची थरथर प्रत्येक फेऱ्याला एकदा येते, २,४०० आरपीएमला सेकंदाला ४० वेळा. एखादा सिलिंडर नीट जळत नसेल तर ती दोन फेऱ्यांत एकदा येते, म्हणजे सेकंदाला २०, आणि हाताला ती ढोबळ, हिसके दिल्यासारखी लागते. एकेक मॅग्नेटो बंद करून पाहा, स्पार्क प्लग पाहा, इंजिनाच्या माउंटची रबरं पाहा. रबर तडकून एका कुशीवर बसलेलं असेल तर चांगला प्रोपेलरही दोषी वाटतो.

तोल

इथवर येऊनही थरथर राहिली तर प्रोपेलर उतरवून तोलायचा. मधल्या भोकात नेमका बसणारा पोलादी दांडा आणि दोन समपातळीत ठेवलेल्या सरळ धारा, एवढंच लागतं. दारं आणि पंखे बंद. प्रोपेलर आडवा सोडा. एक पातं खाली जात असेल तर हलक्या पात्याच्या टोकावर मळलेल्या मातीचे बारीक गोळे चिकटवत जा, आडवा थांबेपर्यंत. मग तो गोळा सोनाराच्या काट्यावर तोला. दोन-तीन ग्रॅमांपर्यंत असेल तर हलक्या पात्याच्या टोकाकडे वार्निशचे पातळ हात देऊन भरून निघतं. वार्निश वाळताना वजन गमावतं, म्हणून पूर्ण वाळल्यावर पुन्हा तोला. पाच ग्रॅमांच्या वर फरक असेल तर वार्निश लावू नका, कारण शोधा. एवढं वजन आपोआप येत नाही: पाणी शिरलंय, किंवा पूर्वीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत एका पात्याला जास्त एपॉक्सी गेलंय. जड पातं घासून हलकं करणं हा उपाय नाही. उद्या ते सुकलं की तेच हलकं पडेल.

प्रोपेलर उभा सोडल्यावर एका बाजूला कलंडत असेल तर असंतुलन हबच्या आडव्या बाजूला आहे. ते सोडवायला हबमध्ये वजन बसवावं लागतं. तिथे थांबा आणि प्रोपेलरच्या कारखान्यात पाठवा. चांगल्या दुरुस्ती केंद्रात इंजिनावर बसवलेल्या स्थितीतच तोल मोजणारं यंत्र असतं. ते थरथरीचा वेग सेकंदाला इंचांमध्ये देतं. ०.२ च्या खाली असावा, ०.०७ च्या खाली आला तर उत्तम.

आता पातं

पिचची शंका असेल तर मोजा, पण मोजण्यापुरतंच. हबच्या केंद्रापासून त्रिज्येच्या ७५ टक्क्यांवर दोन्ही पात्यांवर पेन्सिलने खूण करा. प्रोपेलर आडवा आणि फ्लँज ओळंब्यात ठेवून पाठीमागच्या सपाट बाजूवर डिजिटल कोनमापक टेकवा. दोन पात्यांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर थरथरीचं कारण सापडलं असं मी मानतो. एक पातं दुसऱ्यापेक्षा जास्त ओढतं, आणि तोल कितीही नीट असला तरी ते जाणवतं.

‘मग घासून सारखं करू का?’ हा प्रश्न आला की मी हिशेब मांडतो. ६० इंची प्रोपेलर, पिच ४८ इंच. ७५ टक्के त्रिज्येवर कोन पावणेएकोणीस अंशांच्या आसपास असतो. पिच एका इंचाने कमी करायचा तर कोन जेमतेम ०.३६ अंश कमी करायचा. चार इंच रुंद पात्यावर हे मागच्या कडेशी ०.६ मिलिमीटर लाकूड झालं, आणि ते पात्याच्या लांबीभर, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या प्रमाणात काढायचं, दोन्ही पात्यांवर तंतोतंत. मागची कड आधीच पातळ असते. जाड पॉलिश पेपरचे काही हात जास्त पडले की काम संपलं. कारखान्यात हे काम साच्यांवर, पात्यावरच्या प्रत्येक ठरावीक जागेची मापपट्टी लावून होतं. डेटनच्या राइट बंधूंनी १९०३ चे प्रोपेलर कुऱ्हाडीने आणि दोन मुठींच्या रंध्याने कोरले होते, हे मला अनेकांनी ऐकवलंय. खरं आहे. पण त्याआधी त्यांनी महिनोनमहिने फक्त गणित केलं होतं.

टोकं कापल्याने काय होतं ते माझ्या केआर-२ वरून सांगितलंच. साधारण एका इंच व्यासामागे जमिनीवरचा आरपीएम पन्नास ते ऐंशीने वाढतो, पण कमी वेगातली ओढ कमी होते. शिवाय पूर्वी आत असलेला जाड भाग आता टोक बनतो. पिच कमी करून आरपीएम वाढवाल तर दुसरीकडे किंमत मोजाल: ६० इंची प्रोपेलरचं टोक ३,४०० आरपीएमला सेकंदाला २७१ मीटर वेगाने जातं, ध्वनीच्या वेगाच्या ८० टक्के. त्यात विमानाचा पुढचा वेग मिसळतो, आणि थंड हवेत ध्वनीचा वेगच कमी असतो. लाकडी पात्यांची टोकं जाड असल्याने याच टप्प्यात आवाज वाढतो आणि ताकद वाया जाऊ लागते.

पात्यावर काचतंतूंचं आवरण चढवणं हा आणखी एक लोकप्रिय बदल. मी तो करू देत नाही. आवरणाखालची भेग दिसत नाही, आत गेलेला ओलावा बाहेर येत नाही, आणि पात्याचा पीळ सहन करण्याचा स्वभावच बदलतो. दुसऱ्या इंजिनाचा वापरलेला प्रोपेलर स्वस्तात मिळाला म्हणून हबमध्ये नवी भोकं पाडणंही तसंच. बोल्टवर्तुळ ४ ३/८ इंचाचं असो की ४ ३/४ इंचाचं, दोन्ही संच एकाच हबमध्ये घेतले तर मध्ये उरलेल्या लाकडावर जीव टांगण्यासारखं काही राहत नाही.

आणि कागदाचा मुद्दा. अमेरिकेत एक्सपेरिमेंटल (घरी बांधलेली विमानं याच वर्गात येतात) विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये, म्हणजे उड्डाणाच्या अटींमध्ये, मोठ्या बदलानंतर किमान ५ तासांचं चाचणी-उड्डाण पुन्हा करायला सांगितलेलं असतं. व्यास किंवा पिच बदलला तर तो मोठा बदल धरा, एफएएला (अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेला) कळवा, आणि ते तास एकट्याने, वस्तीपासून दूर पूर्ण करून वहीत नोंदवा.

इथे थांबायचं

पुढचं काहीही दिसलं तर इंजिन सुरू करू नका: हबवर जळल्याची काळी कडी, लांबट झालेलं बोल्टचं भोक, तंतूंना आडवी गेलेली कोणतीही भेग, हबपर्यंत पोहोचलेली उभी भेग, सुटलेला थर, टोकाचा तुकडा गेलेला, धातूची पट्टी सैल. एपॉक्सी भरून यातलं काहीही बरं होत नाही. प्रोपेलर गवताला, बर्फाला किंवा जमिनीवरच्या दिव्याला फिरता फिरता लागला असेल, तर पात्यावर ओरखडा नसला तरी इंजिनही इंजिन बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे तपासून घ्यावं लागतं. लाकूड तुटून धक्का पचवतं असं म्हणतात, पण किती पचवला हे बाहेरून कळत नाही. हवेत असताना थरथर एकदम सुरू झाली तर आरपीएम लगेच कमी करा, वेग उतरवा, जवळच्या धावपट्टीवर उतरा. घरापर्यंत जायचा मोह होतो, तो टाळा.

प्रोपेलर कारखान्याला पाठवायचा ठरला तर सोबत एक कागद ठेवा: इंजिनाचं मॉडेल, पडताळलेल्या टॅकोमीटरने मोजलेला जमिनीवरचा आरपीएम आणि त्या वेळचं तापमान, सपाट उड्डाणातला पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम आणि वेग, दोन्ही पात्यांचे मोजलेले कोन, टॉर्कच्या नोंदी, थरथर कुठल्या आकड्याला सुरू होते ते. हे आकडे हातात असले की तिथला माणूस अर्धं निदान पेटी उघडायच्या आधीच करतो. प्रोपेलर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, ओलावा आत कोंडतो. जुनी चादर किंवा फोम लावा, टोकांना पेटीचा स्पर्श होणार नाही असा मध्ये टांगता आधार द्या. आणि तो परत येईपर्यंतच्या वेळात फ्लँजवर डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) लावून तिचा वाकडेपणा मोजून ठेवा. नवा किंवा दुरुस्त झालेला प्रोपेलर त्याच फ्लँजवर बसणार आहे.